दुसऱ्या मशिनची साक्ष

गणपती नुकतेच गेले होते. बेळगावात शहापुरातल्या आमच्या गल्लीत मांडवाचे बांबू अजून भिंतीला टेकून उभे होते आणि भिजलेल्या कापडाचा कुबट वास घरात येत होता. अशा एका संध्याकाळी वडगावची एक मुलगी दोन प्रिंटआऊट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आली. विणकरांच्या घरांवर ती संशोधन करते. तिचे वडील स्वतः मागावर बसतात. हातमागावरची घरं, यंत्रमागावरची घरं आणि माग विकून दुसरं काहीतरी करणारी घरं, या तिघांच्या महिन्याच्या मिळकतीत किती अंतर आहे, असा तिचा प्रश्न. घरातली माणसं, शिक्षण, घर स्वतःचं की भाड्याचं, हे सगळं हिशेबात धरून. चप्पल काढता काढताच म्हणाली, "सर, हे बघा की. घरात अधिक यायलंय, कॉलेजात वजा यायलंय. डेटा तोच, स्क्रिप्टपण तीच. गाईड म्हणायलेत, आकडे फिरवलीस म्हणून." तिने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. 'अदर', म्हणजे माग सोडून दुसऱ्या धंद्याला लागलेली घरं, या एकाच ओळीपुढे एका कागदावर अधिकचं चिन्ह होतं आणि दुसऱ्यावर वजाचं. एक कागद सांगत होता की माग सोडला त्यांचं बरं झालं. दुसरा सांगत होता की ते मागे पडले.

गाईडचं आणखी एक वाक्य तिने बोलता बोलता सांगितलं, ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. "मशीन बदललं की उत्तर बदलतं, तर त्या उत्तराचं करायचं काय?"

फरकाचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही. माहिती तिने मैत्रिणींच्या मदतीने इंग्रजीत भरली होती. पॉवरलूम लिहिताना सुरुवातीचा 'पी' कॅपिटल पडला होता. हँडलूमचा 'एच' आणि अदरचा 'ओ' स्मॉल होता. ती वापरते ते सॉफ्टवेअर 'आर'. व्यवसायासारखी शब्दांतली माहिती रिग्रेशनमध्ये, म्हणजे मिळकतीवर कशाचा किती परिणाम होतो ते काढण्याच्या गणितात, घातली की आर त्या शब्दांची अकारविल्हे यादी लावतं आणि यादीतला पहिला शब्द पाया धरतं. बाकी सगळ्यांचे आकडे त्या पायाच्या तुलनेत येतात. पण यादी कोणत्या रीतीने लावायची, हे आर बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीमला विचारून ठरवतं. तिच्या विंडोज लॅपटॉपवर शब्दकोशासारखी यादी लागत होती, लहान-मोठं अक्षर न बघता, म्हणून हँडलूम पहिलं. कॉलेजच्या लिनक्स सर्व्हरवर भाषेची सेटिंग कुणी केलेलीच नव्हती. अशा वेळी लिनक्स 'सी' नावाच्या जुन्या रीतीवर जातं, आणि त्या रीतीत सगळी कॅपिटल अक्षरं स्मॉल अक्षरांच्या आधी येतात. तिथे पॉवरलूम पहिलं. म्हणजे माग सोडलेल्या घरांची तुलना घरच्या लॅपटॉपवर हातमागवाल्यांशी होत होती आणि कॉलेजात यंत्रमागवाल्यांशी. हातमागापेक्षा मिळकत जास्त, यंत्रमागापेक्षा कमी. दोन्ही खरं. वडगावात चहाच्या गाड्यावर विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं.

पाया कोणता ते स्पष्ट सांगणारी एक ओळ तिने स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आरला द्यायच्या आज्ञांच्या यादीत, घातली आणि दोन्ही कागद जुळले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. कांदेपोहे खाऊन ती गेली. गाईडचं वाक्य मात्र गेलं नाही, कारण त्यांची शंका मला खोटी म्हणता येत नव्हती. आकडा म्हटला की तो कुठेही मांडला तरी तोच निघाला पाहिजे, याच भरवशावर संख्याशास्त्र उभं आहे. मग हा भरवसा येतो कुठून, आणि तो राखण्याचं काम कोण करतं?

मी एम.एस्सी. कोल्हापूरला केलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची संख्याशास्त्राची मुलं तेव्हा तिकडेच जायची. ज्या गावात थोर संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार जन्मले त्या गावात हा विषय शिकायचा, याचं अप्रूप होतं. प्रॅक्टिकलला हाताने फिरवायची फॅसिट मशिनं होती. लोखंडी, जड, कडेला दांडा. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी, आणि गुणाकार म्हणजे दांड्याचे तेवढे फेरे. सगळा वर्ग एकाच वेळी गणित करायला लागला की खोलीत गिरणीसारखा आवाज व्हायचा आणि हातांना मशिनच्या तेलाचा वास यायचा. आमच्या सरांचा एक नियम होता. प्रत्येक गणित दोघांनी करायचं, दोन वेगळ्या टेबलांवर. एकाने बेरीज वरून खाली करायची, दुसऱ्याने खालून वर. मध्ये एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही. शेवटी दोन्ही आकडे फळ्यावर लिहायचे. जुळले तर खाली बसायचं, नाही जुळले तर दोघांनीही पुन्हा. कुणाचं चुकलं हे सर कधी विचारत नसत. त्यांचं म्हणणं असं की एका टेबलावरचं उत्तर ही नुसती बातमी असते; दुसऱ्या टेबलाने दुजोरा दिला की मग ते उत्तर.

संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचताना मला ती दोन टेबलं पुन्हा पुन्हा आठवतात. एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर, एका सिस्टीमवरून दुसऱ्या सिस्टीमवर सॉफ्टवेअर नेणं, ज्याला पोर्टिंग म्हणतात, त्याला लोक हमालीचं काम समजतात. नवं काही शोधायचं नाही, होतं तेच तिकडे चालवून दाखवायचं. पण इतिहास पाहिला तर या विषयाची निम्मी अक्कल याच कामातून आलेली दिसते. १९६८ साली स्टॅनफर्डमध्ये जन्मलेलं एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत होतं, मेनफ्रेमसाठी, म्हणजे खोली व्यापणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी. टेबलावरच्या डॉस कॉम्प्युटरवर ते १९८४मध्ये आलं. सॅस हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर तर आयबीएमच्या मेनफ्रेमला इतकं बांधलेलं होतं की दुसऱ्या मशिनांवर जायचं म्हटल्यावर १९८०च्या दशकात ते सी भाषेत नव्याने लिहून काढावं लागलं. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये 'एस' ही भाषा सुरू केली ती हनीवेलच्या मशिनवर, जीकॉस नावाच्या सिस्टीममध्ये. बाहेरच्या लोकांना एस हवं झालं, पण हनीवेलचं मशीन कुणाकडे असणार? तेव्हा त्यांनी एक फार शहाणा निर्णय घेतला. दर मशिनसाठी एस बदलत बसायचं नाही. एस युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्यायचं. युनिक्सच तेव्हा वेगवेगळ्या मशिनांवर जायला लागलं होतं. ते जिथे जाईल तिथे त्याच्या मागून एस जाईल. मला हा निर्णय एखाद्या प्रमेयाइतका सुंदर वाटतो.

आणि मग आर. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांच्याकडे विद्यार्थ्यांसाठी मॅकिंटॉशची लॅब होती आणि त्यावर शिकवायला मनासारखं सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एससारखं स्वतःचं लिहायला घेतलं. म्हणजे जगभर पोचलेली ही भाषा मुळात एका लॅबमधल्या मशिनांची अडचण भागवायला निघाली. मार्टिन मेक्लर या संख्याशास्त्रज्ञाने आग्रह धरला आणि १९९५मध्ये इहाका-जंटलमन यांनी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं मूळ लिखाण, सगळ्यांना खुलं केलं. त्यानंतर ते काम दोघांचं राहिलं नाही. गुइडो मासारोट्टो आणि ब्रायन रिप्ली यांनी विंडोजचं बघितलं, सायमन उर्बानेक यांनी मॅकचं, डर्क एडेलब्युटेल यांनी डेबियन लिनक्सचं. यातले रिप्ली ऑक्सफर्डचे मोठे संख्याशास्त्रज्ञ. स्वतःचं संशोधन, विद्यार्थी, पुस्तकं हे सगळं असताना विंडोजच्या फोल्डरच्या नावात उलटी तिरपी रेघ येते आणि युनिक्समध्ये सुलटी, ओळीच्या शेवटी विंडोज दोन अदृश्य खुणा ठेवतं आणि युनिक्स एकच, असल्या बारीकसारीक गोष्टी या माणसांनी वर्षानुवर्षं निस्तरल्या. वडगावच्या मुलीने लॅपटॉपवर आर उतरवून घेतलं, पैसे द्यावे लागले नाहीत, आणि ते चाललं. ते चालतं यामागे इतक्या लोकांच्या रात्री आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं.

आमच्याकडे पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा प्रश्न बेरजेचा नव्हताच, नावांचा होता.

या भागात सर्व्हे करणाऱ्याला ठाऊक असतं की गावाची यादी एका लिपीत पुरी होत नाही. येळ्ळूरची यादी मराठीत मिळते, तालुक्याच्या कचेरीतून कन्नडमध्ये येते, बँकेचा कागद इंग्रजीत. एकाच माणसाचं आडनाव तीन रूपांत. डॉसनंतर विंडोज आलं तेव्हा मराठी टाइप व्हायचं श्रीलिपीत, कन्नड व्हायचं नुडीत. ज्या मशिनवर तो फॉन्ट असेल त्यावर सगळं ठीक. फाईल फ्लॉपीवर घालून निपाणीमार्गे कोल्हापूरला नेली आणि तिथल्या मशिनवर फॉन्ट नसला, की अख्ख्या गावाची माणसं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा होऊन पडद्यावर यायची. पावसात लाल एस.टी.च्या खिडकीतून पाणी आत येत असताना फ्लॉपी शर्टाच्या आत पोटाशी धरून नेलेली मला आठवते. ती कोरडी पोचली तरी आतली नावं पोचतीलच याची खात्री नसे.

सगळ्या लिप्यांतल्या दर अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं. लिनक्सवर आणि मॅकवर आरमध्ये ते लवकर संपलं. विंडोजवर फार वर्षं राहिलं. विंडोजची जुनी रचना अशी की दर भाषेसाठी एक कोडपेज, म्हणजे अक्षरांचा ठरलेला तक्ता, असे, आणि आपल्याकडच्या भाषांसाठी असं जुनं कोडपेज विंडोजमध्ये नव्हतंच. आर मात्र त्या कोडपेजच्या आधाराने चालायचं. त्यामुळे मराठी नावांचा तक्ता छापायला सांगितला की अक्षरांच्या जागी टोकदार कंसात नुसते युनिकोडचे क्रमांक यायचे; त्यांत नऊच्या पुढे ए, बी, सी ही अक्षरंही अंक म्हणून येतात. 'ब'च्या जागी यू अधिक ०९२सी. 'ळ'च्या जागी यू अधिक ०९३३. पाटील, कदम, हलगेकर, सगळे क्रमांकांच्या रांगा झालेले. कन्नड नावांचंही तेच. मी त्या रांगा इतक्या पाहिल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरली. मराठी 'ब' ०९२सी, कन्नड 'ब' ०सीएसी. मराठी 'ळ' ०९३३, कन्नड 'ळ' ०सीबी३. 'क' ०९१५ आणि ०सी९५. 'ग' ०९१७ आणि ०सी९७. शेवटचा अंक दर वेळी तोच. कारण भारतीय लिप्यांसाठी पूर्वी 'इस्की' नावाचं मानक केलं गेलं, त्यात सगळ्या लिप्यांमधल्या एकाच ध्वनीच्या अक्षराला एकच जागा दिली होती, आणि युनिकोडने आपल्या लिप्यांची मांडणी त्यावरूनच उचलली. आपापल्या घरात दोन्ही 'ळ' त्याच खणात बसलेले आहेत. ज्या जिल्ह्यात दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, त्या जिल्ह्यात हे पाहताना मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आनंद होता, आणि त्याच्याखाली कुठेतरी दुखतही होतं.

एप्रिल २०२२मध्ये आरची ४.२.० आवृत्ती आली आणि विंडोजवरचा हा प्रश्न सुटला. टोमास कालिबेरा आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी त्यासाठी केलेलं काम वाचून मी थक्क झालो. विंडोज १०च्या नव्या आवृत्त्यांत यूटीएफ-८ ही युनिकोड साठवायची रीत वापरायची सोय झाली होती, पण ती घ्यायची तर आर ज्या कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम मशिनच्या भाषेत उतरवणाऱ्या, साधनांनी बांधलं जातं ती साधनंच बदलायची, मायक्रोसॉफ्टची नवी रनटाइम लायब्ररी घ्यायची, आणि मग हजारो पॅकेजं, म्हणजे लोकांनी आरला जोडायला लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, त्यावर नव्याने बांधून, मोडतील ती दुरुस्त करून घ्यायची. तेही बऱ्याचशा अशा अक्षरांसाठी, जी काम करणाऱ्यांना स्वतःला वाचता येत नाहीत. ते अपडेट उतरवून घेतल्यावर मी पहिलं काम केलं ते जुना एक तक्ता छापायचं. खानापूर तालुक्यातली गावं, मराठीत एक रकाना, कन्नडमध्ये एक. जांबोटी. कणकुंबी. नंदगड. नावं आली, दोन्ही रकान्यांत, सरळ. मी बायकोला हाक मारून दाखवली. तिचा या विषयाशी संबंध नाही, तरी ती बराच वेळ उभं राहून वाचत होती.

पण त्याच आवृत्तीने ३२-बिट विंडोज, म्हणजे जुन्या मशिनांवरचं विंडोज, सोडून दिलं. सोडणं समजण्यासारखं आहे. तेवढ्याच माणसांनी किती जुनी मशिनं ओढत न्यायची? तरीही मला ते लागलं. आमच्याकडच्या मुलांना शहरातल्या कुणाचा तरी वापरून झालेला लॅपटॉप मिळतो, अनेकदा ३२-बिट, विंडोज ७वाला. ज्या आवृत्तीत त्यांच्या आईचं नाव नीट छापून येतं ती त्यांच्या मशिनवर चढत नाही. अशा लॅपटॉपवर आम्ही लिनक्स घालतो, बरेचदा चालतं. दर वेळी नाही. पोर्टिंग करणाऱ्यांविषयी मला अपार कृतज्ञता आहे आणि ते जिथे थांबतात ती रेघ आमच्या पोरांच्या अंगणातून जाते याचं वाईटही वाटतं. या दोन्ही गोष्टी मी एकमेकींतून वजा करत नाही.

आता बेरजेकडे येतो, कारण गाईडचा प्रश्न खरं तर तिथला आहे. मशीन बदललं की आकडा खरोखरच बदलतो का? बदलतो, अगदी शेवटच्या टोकाला. ०.१ हा आपल्याला साधा वाटणारा आकडा मशिनच्या दोनच्या पायात, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, पुरा लिहिता येत नाही, एक तृतीयांश दशांशात संपत नाही तसाच. म्हणून तो ५३ बिटांवर, म्हणजे अशा ५३ अंकांवर, तोडतात. आपल्या हिशेबाने पंधरा-सोळा अंक बरोबर, पुढे तोडलेलं. १९८५च्या आयईईई ७५४ मानकाने हे तोडणं सगळीकडे एका रीतीने व्हावं असं ठरवून दिलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण फटी राहिल्याच. इंटेलच्या चिपमध्ये ८० बिटांत हिशेब करायची एक जास्तीची सोय आहे; आर मोठी बेरीज करताना जमेल तिथे ती वापरतं, म्हणजे वाटेतलं तुटणं कमी होतं. ॲपलच्या नव्या चिपवर ती सोय नाही. त्यामुळे तीच बेरीज दोन ठिकाणी शेवटच्या एखाद्या अंकात वेगळी येऊ शकते. आर दोन आकडे 'जवळजवळ सारखे' आहेत का हे तपासतं तेव्हा दहा कोटींत दीड एवढा सापेक्ष फरक चालवून घेतं. मिळकतीच्या हिशेबात हा फरक पैशाच्याही पलीकडे कुठेतरी हरवून जातो.

मात्र फरक तिसऱ्या-चौथ्या दशांशाला दिसला, किंवा एका मशिनवर एखादी ओळ गायबच झाली, तर मी मुलांना सांगतो की मशिनवर चिडू नका, आपल्या माहितीकडे बघा. चिकोडीकडच्या ऊस शेतकऱ्यांच्या एका सर्व्हेत जमीन दोनदा लिहिलेली होती, एका रकान्यात गुंठ्यांत, दुसऱ्यात हेक्टरात. दोन्ही रकाने मॉडेलमध्ये गेले. एकच गोष्ट सांगणारे दोन रकाने असले की गणित सुरीच्या धारेवर उभं राहतं, आणि मग शेवटच्या अंकातलं ते बारीकसं तुटणं फुगत वर येतं. एका मशिनवर ते गणित शांतपणे सुटलेलं दिसलं होतं. दुसऱ्यावर आकडे भलतेच आले, म्हणून तर रकाने तपासले गेले. हे उत्तर एका मशिनवर राहिलं असतं तर छापून आलं असतं.

निपाणीच्या विडी कामगार बायकांची माहिती मी तपासून दिली होती, तिथे मला या विषयातलं सगळ्यात नाजूक टोक दिसलं. तंबाखूच्या उग्र वासाने भरलेल्या त्या खोल्यांत मांडीवर सूप घेऊन बायका पानं कापत बसतात आणि बोट न थांबवता प्रश्नांची उत्तरं देतात. घरात कर्ज किती, असं विचारलं की काहींची बोटं थांबतात, आणि त्या काही बोलत नाहीत. माहिती गोळा करणाऱ्या मुलीने तिथे रेघ मारली. ही रेघ म्हणजे शून्य नव्हे. पूर्वी अशा जागी ९९९ भरायची पद्धत होती आणि तो ९९९ सरासरीत मिसळून गेल्याची उदाहरणं या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत. आरमध्ये त्यासाठी वेगळी खूण आहे, 'एनए': माहिती हाती नाही. आणि शून्याला शून्याने भागल्यासारखं अर्थहीन गणित झालं तर त्याची खूण वेगळी, 'एनएएन'. माणसांच्या दृष्टीने यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मशिनच्या आत मात्र दोन्ही एकाच जातीच्या. अर्थहीन आकड्याच्या पोटात १९५४ ही संख्या लपवून ठेवलेली असते, तेवढ्यावरून आर ओळखतं की हे 'माहिती नाही' आहे. बेरीज-गुणाकारातून जाताना ती लपवलेली संख्या टिकेल की नाही हे चिपवर आणि कंपायलरवर अवलंबून असतं. दोन्ही खुणा एकत्र आल्या तर कोणती उरेल याची हमी नाही, असं आरच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे. २०२०मध्ये ॲपलने स्वतःची चिप आणली तेव्हा आरवाल्यांपुढे दोन काळज्या होत्या: तिच्यासाठी फोरट्रानचा कंपायलर अजून तयार नव्हता, आणि ही १९५४ची खूण त्या चिपवर शाबूत राहते का ते बघायचं होतं. त्यांनी ते आधी तपासलं, लिहून ठेवलं, आणि मे २०२१च्या ४.१.० आवृत्तीत त्या चिपसाठीचं आर दिलं. त्या बायकांनी जे सांगितलं नाही, ते न सांगितलेलंच राहून दुसऱ्या मशिनवर पोचावं, यासाठी दूर कुठेतरी कुणी हे तपासत होतं. हे वाचलं त्या दिवशी मी दुसरं काही काम केलं नाही.

गाईडना मी नंतर भेटलो. टिळकवाडीत रेल्वेच्या पहिल्या गेटजवळ उभं राहून आम्ही बोललो. मधून गाडी गेली तेवढा वेळ फक्त थांबलो. माझं म्हणणं एवढंच होतं की मशीन बदलल्यावर उत्तर बदललं म्हणून तर प्रश्न कळला. त्या मुलीने एकाच लॅपटॉपवर काम केलं असतं तर प्रबंधात 'माग सोडलेल्यांची मिळकत जास्त' असं छापून आलं असतं, आणि कुणापेक्षा जास्त हे कुणी विचारलं नसतं. आरचं भांडार, सीरॅन, पॅकेज स्वीकारताना ते लिनक्स, विंडोज, मॅक असं वेगवेगळ्या सिस्टीमवर चालवून बघतं ते याचसाठी. पूर्वी त्यात सोलॅरिस ही जुनी युनिक्स सिस्टीमही असे. सोलॅरिस वापरणारं फारसं कुणी उरलं नाही, तरी त्याच्यासाठी दुरुस्त्या कराव्या लागतात म्हणून पॅकेज लिहिणारे वैतागत. पण दुसरीकडे खपून जाणाऱ्या, नशिबाने चालणाऱ्या चुका ते मशीन पकडून द्यायचं. ते बंद झाल्यावर बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला एक साक्षीदार गेल्यासारखं वाटलं. गाईड माझं ऐकत होते. पटलं असं म्हणाले नाहीत. "विद्यार्थ्यांना एवढं कुठे झेपणार," म्हणाले. त्यांच्या हाताखाली किती मुलं आहेत ते मला माहीत आहे, तेव्हा हे टाळण्यासाठी बोलले असं मी मानत नाही.

आता त्या कॉलेजात सगळी मशिनं एकाच कंपनीची, एकाच सिस्टीमची करायचं चाललं आहे. देखभाल सोपी, परवाने एकत्र, लॅब दिसायला नीटनेटकी. जुनी लिनक्स मशिनं भंगारात जाणार. मी कार्यालयाला अर्ज लिहिला आहे. त्यातली मागणी साधी आहे: निदान दोन जुनी मशिनं ठेवावीत, त्यांतल्या एकाची भाषेची सेटिंग मुद्दाम आहे तशीच राहू द्यावी, आणि प्रत्येक प्रबंधातलं मुख्य कोष्टक छापण्याआधी या मशिनांवर एकदा चालवून बघावं. सिस्टीमचं नाव, आरची आवृत्ती, यादी लावायची रीत आणि पाया धरलेला गट, हे परिशिष्टात लिहावं; आरमध्ये एक आज्ञा दिली की यातलं बरंचसं आपोआप छापून येतं. जागा नाही आणि विजेचं बिल कोण भरणार, हे दोन आक्षेप येणार. जागा मी बघून ठेवली आहे, लॅबच्या जिन्याखालची, तिथे सध्या तुटके स्टूल पडलेत. बिलाचं बोलायला परवा जाणार आहे.